गिरेड म्हणजे काय

६ जानेवारी, सोमवार

आजपासून मी ग्रेडर आहे. हे एवढं लिहायलाच डायरी काढली. खताच्या दुकानातून बाबांना मिळालेली आहे, पहिल्या पानावर पोत्याचं चित्र होतं, ते पान मी चिकटवून टाकलं.

नागपुरात तीन वर्षं साडीच्या दुकानात उभी राहून पाय सुजवून घेतले. दिवाळीत पवनीला परत आली तेव्हा गल्लीत बोलणं सुरू झालं, आता मोनिका घरी बसणार. बसते कशाला? आमच्या वैनतीर विणकर संस्थेला पुण्याची ऑर्डर आली आहे, कोशाच्या रेशमाच्या करवतकाठी साड्यांची. पुण्यावाल्यांची अट अशी, की प्रत्येक साडीला ग्रेडची चिठ्ठी पाहिजे. ए, बी, सी. संस्थेचे सेक्रेटरी भोजराजभाऊ, त्यांनी मला दहा दिवस ट्रेनिंगला पाठवलं आणि आज टेबल, भिंग, शिक्का, सगळं माझ्या स्वाधीन केलं. भिंगातून एकेक धागा सुतळीएवढा दिसतो. दुपारभर मी माझ्याच ओढणीचे धागे मोजत बसली.

बाबा संस्थेच्याच शेडमध्ये विणतात, चाळीस वर्षं झाली. म्हणून भोजराजभाऊंनी नियम केला: साडीवर नाव नाही, फक्त नंबर. बारा माग, बारा नंबर, कोणाचा कोणता ते त्यांच्या कपाटातल्या वहीत. "माहा भरोसा आहे तुह्यावर, पन लोकाईच्या तोंडाले कोन हात लावते," म्हणाले. मला पटलं. दुसरा नियम मी स्वतः सुचवला, लागोपाठ दोनदा सी आला तर त्या मागावर दुसरा विणकर बसणार. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, नियमाला दात पाहिजेत.

घरी येऊन बाबांना हे सगळं एका दमात सांगितलं. ते बशीत चहा ओतत होते, अर्धा चटईवर गेला. आई म्हणाली, खुशीनं हात हालला.

८ जानेवारी, बुधवार

पहिला लॉट तपासला. बाराही साड्या सारख्याच, तोच मधाचा रंग, तोच लाल काठ, काठात करवतीचे दाते. ओळखायचं म्हटलं तरी ओळखता येणार नाही. फक्त चार नंबर सोडून. एक दाता इकडचा तिकडे नाही, पदर असा की भिंग खाली ठेवून नुसतं पाहत राहावं. ती बाबांची. मला कपाटातली वही उघडायची गरज नाही.

ए मिळाला चौघांना, बी सात जणांना आणि सी एकाला. सी म्हणजे नऊ नंबर. उजव्या काठाचे दाते तीन जागी घसरलेले, पदराजवळ दोन धागे सुटलेले. मी चिठ्ठीवर लिहिलं, विणणाऱ्याचं लक्ष नाही. लिहून फार बरं वाटलं.

संध्याकाळी पाच वाजता भोजराजभाऊंनी शेडमध्ये निकाल वाचला. "चार नंबर, ए गिरेड. सात नंबर, बी गिरेड." मला वाटलं होतं टाळ्या वाजतील, कोणी तोंड वाकडं करेल, काही तरी होईल. काहीच झालं नाही. मंदाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि निघून गेल्या. धनीरामकाकांनी डबा पिशवीत टाकला. बाबा सगळ्यांच्या शेवटी उठले, भिंतीला हात लावत लावत बाहेर आले. मी म्हटलं, बाबा, चार नंबरला ए मिळाला. ते म्हणाले, "हो, आयकलो."

९ जानेवारी, गुरुवार

पोट दुखेपर्यंत हसली. आणि आता भीती वाटून राहिली आहे.

सकाळी शेडमध्ये पाच माग बंद. मंदाबाई आल्याच नाहीत. मला काही कळेना. जेवताना आईनं सांगितलं, विहिरीवर सगळ्या बाया तेच बोलून राहिल्या. "चाळीस चाळीस वर्साचे विनकर, अन् साऱ्याईचं गिरेड केलं तुह्या पोरीनं. एकाचं तरी उभं ठेवाचं होतं."

गिरेड. भोजराजभाऊंच्या तोंडात ग्रेडचं गिरेड झालं, आणि लोकांनी ऐकलं, गिरलेली. आपल्याकडे भिंत गिरते, माणूस सायकलवरून गिरतो, आणि बुधवारी बाराच्या बारा साड्या गिरल्या. ए गिरेड म्हणजे सगळ्यात आधी गिरली, असा हिशेब.

हसू आवरून मी धनीरामकाकांकडे गेली. म्हटलं, काका, ग्रेड म्हणजे गिरणं नाही. ते म्हणाले, "मंग काय होय?" मी म्हटलं, ग्रेड म्हणजे... ग्रेड. मी बी.ए. आहे, त्या कामाचा पगार घेते, आणि मला शब्दाचा अर्थ सांगता आला नाही. लाज वाटली.

भोजराजभाऊ टेन्शनमध्ये. रविवारी, एकोणीसला सभा ठेवली आहे. "तूच समजव त्याईले. नाई समजले तं पुन्यावाल्याईले काय तोंड दाखवू?"

११ जानेवारी, शनिवार

काय सापडलं!

कॉलेजच्या लायब्ररीत मोठा इंग्रजी शब्दकोश आहे, दोन हातांनी उचलावा लागतो. ग्रेड हा शब्द मूळचा इंग्रजांचा नाहीच. फार जुनी लॅटिन भाषा, तिच्यात ग्रादुस म्हणजे पाऊल, आणि पाऊल ठेवायची जागा म्हणून पायरी. पायरी! गिरणं नाही, चढणं. त्याच घरातून डिग्री आली, ग्रॅज्युएट आला. म्हणजे मी ग्रॅज्युएट म्हणजे पायरी चढलेली बाई. हे कॉलेजात तीन वर्षांत एकानंही सांगितलं नाही.

तिथेच थांबणार होती. पण मनात आलं, आपल्या मराठीत ग्रेडला दर्जा म्हणतात, तो कुठला? मराठी कोश काढला. दर्जा आला फारसीतून, फारसीत आला अरबीतून, आणि अरबीत त्याचा अर्थ काय? पायरी. मी मोठ्यानं "बापरे" म्हटलं, लायब्ररीवाल्या सरांनी मान वर केली. मग पदवी काढली. संस्कृत. वाट, जागा, आत बसलेला आहे पद, म्हणजे पाय. कोण कुठले लोक, एकमेकांची भाषा माहीत नाही, आणि माणसाची लायकी मोजायची वेळ आली की सगळ्यांना जिना आठवला.

सायकल मारत घरी आली. बाबा ओसरीवर उन्हात बसले होते, मी समोर येऊन उभी राहिली तरी "कोन आहे" म्हणाले. सूर्य त्यांच्या डोळ्यावर होता. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंग सिधी पायरीच म्हना न. पहिली पायरी, दुसरी पायरी. इंग्रजाच्या दारात कायले जाता?"

चाळीस वर्षं मागावर बसलेला माणूस एका वाक्यात माझं भाषण करून मोकळा.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

बहीण टीना आणि जावई भुपेंद्र तिळगूळ घेऊन चिखल्याहून आले. भुपेंद्रभाऊ मँगनीजच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. मी विचारायचाच अवकाश, "आमच्याकडे तं दिवसभर ग्रेडच चालते वहिनी," म्हणाले. मी वहिनी नाही, साळी आहे, पण त्यांना सवय आहे. दगडात मँगनीज किती त्यावर ग्रेड. आणि दुसरं असं, खाणीतून वर यायचा जो चढ असतो, त्यालाही त्यांचे इंजिनियर ग्रेडच म्हणतात. "ग्रेड जास्त आहे, दुसऱ्या गेअरमंधी घ्या, असं सांगते."

चढ! ही माझ्या भाषणाची सगळ्यात भारी गोष्ट. मी लगेच मागच्या पानावर लिहून घेतली.

टीना मला चुलीजवळ ओढून म्हणाली, "बाबाईनं तिळगूळ माह्या हातावर ठेवाच्या जागी परातीत ठेवला. तुले काही दिसत नाई काय?" मी म्हटलं, वय झालं, त्यांचं लक्ष नसतं. ती म्हणाली, तू भिंगातनंच पाहत जाय. टीना पहिल्यापासून तिरपंच बोलते.

१६ जानेवारी, गुरुवार

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कोशात डिग्रीच्याच पानावर डिग्रेड होतं. पायरीवरून खाली उतरवणं. म्हणजे धनीरामकाका अगदीच चुकले नाहीत. जिना आहे तिथे उतरणंही आहे. हे सभेत सांगावं की गिळून टाकावं? गिळलं तर मी खोटारडी, सांगितलं तर केलेलं सगळं मातीत.

बाबांना विचारलं. म्हणाले, "अर्धं सांगशीन तं अर्धंच मानतीन. सारं सांग."

मग मी जेवताना नऊ नंबरचं काढलं. सभेत ती साडी उघडून दाखवणार आहे, सी का मिळाला ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. बाबांचा घास हातातच राहिला. "किती जागी सुटले दाते?" तीन जागी. "कोन्या बाजूले?" उजव्या. मी म्हटलं, मला तर वाटते नऊ नंबरवाला दारू घेऊन बसत असेल मागावर. आई म्हणाली, "जेवू दे त्याईले." बाबा म्हणाले, "बोलू दे. तिचं कामच आहे."

चांगलं वाटलं. माझ्या कामाला बाबांनी पहिल्यांदा काम म्हटलं.

१८ जानेवारी, शनिवार

भाषण पाठ. आरशासमोर तीनदा म्हटलं. बाबांनी आज भोजराजभाऊंकडून मागाच्या उजवीकडे दुसरा बल्ब लावून घेतला. थंडीत उजेड कमी पडतो.

१९ जानेवारी, रविवार

सगळं क्रमानं लिहिते, नाही तर लिहिताच येणार नाही.

शेड भरली होती. बाराही विणकर, त्यांच्या घरचे. मी उभी राहिली आणि म्हटलं, तुमच्या साड्या गिरल्या नाहीत. मग ग्रादुस, दर्जा, पदवी, तिन्ही भाषांतली पायरी. भुपेंद्रभाऊंचा चढ सांगितला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "मंग आमी गिरून नाई, चढून राहिलो." लोक हसले. मंदाबाई उठल्या. "थांब. चार नंबर माही होय. म्हंजे मी सगळ्यात वरच्या पायरीवर होती, अन् रडत घरी गेली काय?" शेड हादरली हसण्यानं. मी पण हसली. हसता हसता मनात टोचलं, चार नंबर मंदाबाईंची? मग बाबांची कोणती? पण भाषण तोंडात होतं, थांबवता आलं नाही.

म्हटलं, आता खरं ते पण सांगते, पायरीवरून उतरणंही असते. ही पाहा नऊ नंबर. टेबलावर पसरली. उजवा काठ वर धरला. हा दाता घसरला, हा घसरला, हा घसरला. म्हटलं, विणणाऱ्याचं लक्ष नाही.

बाबा उठले. भिंतीला हात लावून उभे राहिले. "लक्ष होतं बाई. दिसत नव्हतं. नऊ नंबर माही होय."

साडीचा काठ माझ्या हातात तसाच. बाबा मंदाबाई बसल्या होत्या तिकडे तोंड करून बोलत होते, मी दुसऱ्या टोकाला होती. तेव्हा मला कळलं. भिंत, चहा, तिळगूळ, बल्ब. सगळं एकदम कळलं, आणि एवढ्या लोकांत मी भिंग घेऊन उभी होती.

बाबाच पुढे बोलले. "पोरीनं बराबर पाह्यलं. तिसरी पायरी तं तिसरी पायरी. ज्याले जी भेटली त्यानं ती सांगावी, लपवाचं काय त्याच्यात." धनीरामकाका उठून टेबलाजवळ आले. मग म्हणाले, "सात नंबर माही. दुसरी पायरी. कोठी चुकलो ते दाखव मले."

मी दाखवलं. कसं दाखवलं ते आठवत नाही.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी भोजराजभाऊंना म्हटलं, नऊ नंबरची चिठ्ठी बदलते, बी करते. त्यांनी वही काढून दाखवली. नावं बाबांच्या सांगण्यावरून लपवली होती. "यादोराव म्हने, तिले माहा नंबर समजू देऊ नका, नाई तं तिचा हात थरथरीन."

बाबांच्या समोर जाऊन रडली. म्हटलं, मला काहून नाही सांगितलं, एवढे दिवस मी त्या साडीला काय काय बोलली. ते म्हणाले, "सांगितलं असतं तं तू मले मागावरनं उठवलं असतं." उठवलंच असतं. चिठ्ठी बदलू नको म्हणाले. "आज माहीवाली बदलशीन, उद्या मंदाबाईच्या ए ले कोन मानीन?"

आईला माहीत होतं की नाही, ती सांगत नाही. विचारलं की भांडी घासायला जाते.

पुढच्या लॉटमध्ये दुसरा सी आला तर नियमाप्रमाणे माग जाणार. नियम मी सुचवलेला. मला आज स्वतःचा फार राग आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

भंडाऱ्याला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबा बसमध्ये खिडकीशी बसून मला विचारत होते, पीक कोणतं उभं आहे. मी सांगत होती.

डॉक्टर तरुण आहेत. यंत्रातून पाहिलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू आहे. उजवा ग्रेड थ्री, डावा ग्रेड टू."

बाबा जे हसायला लागले. मीही हसली, थांबताच येईना. डॉक्टर म्हणाले, काय झालं? बाबा म्हणाले, "काही नाई साहेब, माही पोरगी बी हेच काम करते. तिनं बी उजव्या बाजूले तिसरीच देल्ली होती." मग विचारलं, ही तिसरी पायरी चढायची की उतरायची? डॉक्टर म्हणाले, यात वरचा नंबर म्हणजे जास्त खराब, पण ऑपरेशननं जाते. घाबरायचं कारण नाही. महिन्याभरानं मागावर बसता येईल.

मी दोनदा विचारलं, मागावर? बारीक काम? ते म्हणाले, हो. बाहेर येऊन आम्ही दोन प्लेट आलूबोंडे खाल्ले.

२७ जानेवारी, सोमवार

मागाचा प्रश्न होताच. ऑर्डर चालू असताना महिनाभर माग रिकामा ठेवता येत नाही, भोजराजभाऊंचं म्हणणं बरोबर आहे. मंदाबाई म्हणाल्या, "मी अन् धनीराम आधी आपलं काम करू, मंग नऊ नंबरवर बसू. यादोरावची जागा कोनाले देऊ नका." मी म्हटलं, मग तपासताना तुमची म्हणून सूट नाही मिळणार. "देऊन तं पाह्य," म्हणाल्या.

३ फेब्रुवारी, सोमवार

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बाबा आत जाताना मला एवढंच म्हणाले, "जेवून घे." नंतर झोपले. मी मात्र दिवसभर उभीच होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, बाबांनी मोजली. भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, तारखेखालची तिथीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, आता लेकीकडे पाहा.

बाबांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं काही तरी छान म्हणतील. म्हणाले, "हे भुवईच्या वर काय झालं तुले? कवा लागलं?"

नागपुरात स्कूटीवरून पडली होती मी, पाच टाके पडले होते. तसंच कपाळ घेऊन घरी आली होती. आईनं रडून घर डोक्यावर घेतलं असतं म्हणून तिच्यापुढे केस पुढे घेत राहिली. बाबांपुढे मात्र मुद्दाम मागे घेतले होते, त्यांनी विचारावं म्हणून. त्यांनी विचारलं नाही. मी धरून बसली की यांना काही वाटतच नाही, लेक नोकरी करते, पैसे धाडते, बस. त्या रागात दोन दिवाळ्या आली नाही. आली ती याच दिवाळीला.

म्हटलं, अडीच वर्षं झाली बाबा.

"अडीच वर्सं," म्हणाले. हात वर करून त्या खुणेवरून अंगठा फिरवला, काठावरून फिरवतात तसा. "दुखलं असन."

मी म्हटलं, हो, खूप दुखलं होतं. आणि दवाखान्याच्या त्या बाकावर, बाकीच्या पेशंटांच्या समोर, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग दोघांनी चहा घेतला आणि साडेअकराची बस धरली.